गाडी जॅकवरून स्टँडवर सुरक्षितपणे कशी घ्यावी

घरच्या घरी गाडीखाली काम करू इच्छिणाऱ्याला मिळणारा बहुतेक सल्ला गाडी वर कशी उचलावी याबद्दल असतो. वास्तविक उचलणे हा यातला सोपा भाग आहे. दांडा वर-खाली करणे कोणालाही जमते. अवघड भाग आहे तो उचललेले वजन जॅकवरून काढून स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या, उंची बदलता येणाऱ्या आधारांवर बसवण्याचा, आणि नेमका तोच भाग ‘मग स्टँड लावा’ एवढ्या तीन शब्दांत उरकला जातो. प्रस्तुत लेखाचा मोठा हिस्सा या तीन शब्दांवरच खर्च केला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. जॅक हे वजन उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार कोंडलेल्या तेलावर आणि त्या तेलाला अडवणाऱ्या लहानशा सीलवर असतो. सील झिजले किंवा झडपेखाली कचऱ्याचा एखादा कण अडकला, की जॅक हळूहळू किंवा एकदम खाली बसतो आणि आधी काही सूचना देत नाही. डिकीत मिळणारा सिझर जॅक रस्त्यात पंक्चर चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ हे कारण मी ऐकून घेत नाही. गाडी खाली यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

साधने कोणती, हे थोडक्यात सांगतो: चांगला ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक), एकसारख्या स्टँडची जोडी, चाकांना लावायच्या चार भक्कम उट्या (चाक घरंगळू नये म्हणून अडवायचे ठोकळे) आणि गाडीचे मॅन्युअल. स्टँडवर लिहिलेली वजनक्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे लेबलावर नीट वाचावे. बरेच उत्पादक ती जोडीची देतात. इंजिन पुढे असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे गाडीच्या वजनाला सरळ चाराने भागून हिशेब करू नये.

स्टँड दातेरी खटक्याचे आणि आरपार पिन घालायचे, अशा दोन प्रकारांत मिळतात. माझी पसंती पिनवाल्यांना आहे. 2020 मध्ये अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला लाखो दातेरी स्टँड परत मागवावे लागले होते, कारण वजनाखाली खटका दातांतून सुटू शकत होता. दातेरी स्टँड वापरायचेच असतील तर खटका दातात पूर्ण बसला आहे हे डोळ्यांनी पाहावे, हाताने खाली दाबून खात्री करावी आणि जादा सुरक्षा पिनची सोय असेल तर ती न चुकता घालावी.

विटा, सिमेंटचे ब्लॉक आणि दगड यांची नावेही काढू नयेत. पोकळ ब्लॉक भिंतीत पसरलेला भार उत्तम पेलतो, पण लोखंडाच्या कडेचा एका जागी पडणारा भार त्याला सोसत नाही. तो वाकून इशारा देत नाही, सरळ फुटतो.

जमीन आणि चाके

जमीन सपाट आणि टणक हवी, म्हणजे कोबा किंवा काँक्रीट. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, म्हणून तिथे पायांखाली जाड प्लायचा तुकडा ठेवावा. माती, मुरूम आणि उतार यांवर हे काम करूच नये, मग उतार कितीही किरकोळ वाटो.

हँडब्रेक ओढला की गाडी जागेवर राहते, ही समजूत अर्धीच खरी आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की ती चाके अधांतरी होतात आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. गियरवरही विसंबता येत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक पुढचे चाक उचलले, की जमिनीवरचे दुसरे चाक फिरू शकते, कारण डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची जोडणी) अधांतरी चाकाला उलट दिशेने फिरू देतो. गाडी पहिल्या गियरमध्ये असो की पार्किंगमध्ये, यात फरक पडत नाही. त्यामुळे जी बाजू जमिनीवर राहणार आहे त्या बाजूच्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावावी. हँडब्रेक आणि गियर त्याशिवाय लावायचेच.

चाके काढायची असतील तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर देणे म्हणजे ती ढकलणेच होय.

जॅक आणि स्टँड यांना हवी असलेली एकच जागा

आता मुख्य अडचणीकडे वळतो. मॅन्युअलमध्ये गाडी उचलण्याच्या चार जागा दाखवलेल्या असतात, दाराखालच्या पत्र्याच्या दुहेरी कडेवर, प्रत्येक चाकाजवळ एक. बहुतेक गाड्यांत तिथे कडेला दोन लहान खाचा किंवा खुणा असतात आणि मजबुती फक्त त्या दोन खुणांच्या मधल्या भागाला दिलेली असते. आपण तिथे जॅक लावतो, गाडी वर घेतो, स्टँड हातात घेतो आणि मग लक्षात येते की स्टँडलाही हीच जागा हवी आहे, पण तिथे जॅक बसला आहे. गाडीखाली काम करू लागलो तेव्हा मला सर्वांत जास्त घोळवले ते या कोड्याने, आणि त्याचे सरळ उत्तर कोणी देत नसे.

मिळणारे उत्तर असे असते की स्टँड जरा बाजूला, कडेवरच कुठेतरी लावावा. हा सल्ला वाईट आहे. खुणांच्या बाहेर ती कड म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा असतो. वजन आले की तो आडवा कलतो, त्यावरचा रंग तडकतो, पुढे तिथे गंज धरतो. आणि पत्रा कलत असताना स्टँडच्या माथ्यावरची गाडी सरकते, ते तर त्याहून वाईट. काही जण स्टँड थेट आतल्या सपाट तळाच्या पत्र्याखाली लावतात. तो पत्रा आत दबतो, एवढेच त्यातून साध्य होते.

योग्य मार्ग असा, की खुणांच्या मधली जागा स्टँडसाठी राखून ठेवावी आणि उचलण्यासाठी दुसरी, आतली जागा शोधावी. पुढच्या बाजूला ही जागा बहुधा इंजिनाखालचा आडवा क्रॉस मेंबर (मजबूत आडवी तुळई) किंवा सबफ्रेम (इंजिन पेलणारी मजबूत चौकट) असते. तिथे मधोमध जॅक लावला की दोन्ही पुढची चाके एकदम उचलली जातात आणि दोन्ही बाजूंचे स्टँड आपापल्या खुणांखाली निवांत लावता येतात. मागच्या बाजूला मॅन्युअलमध्ये मधली जागा दाखवली असेल तर तीच वापरावी. तिथे डिफरेन्शियलचे घर असेल, तर मॅन्युअलने परवानगी दिल्याशिवाय त्याला हात लावू नये. काहींचे झाकण ॲल्युमिनियमचे किंवा पातळ पत्र्याचे असते. ऑइल चेंबर, गियरबॉक्स, रेडिएटरखालची पट्टी आणि सायलेन्सरचा पाइप यांच्याखाली जॅक कधीही लावू नये. चेंबर एकदा आत दबला की खालून तेल ओढणाऱ्या जाळीचा मार्ग अडू शकतो, आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही.

मधली जागा मिळालीच नाही, तर एकेक बाजू घ्यावी. सबफ्रेम जिथे जाड बोल्टने बॉडीला जोडलेली असते तो भाग किंवा मॅन्युअलने मान्य केलेला चॅसिसचा लांबट मजबूत भाग जॅकने उचलावा आणि त्याच बाजूच्या खुणेखाली स्टँड लावावा. मात्र एक बाजू एकदम पूर्ण उंचीवर नेऊ नये. डावीकडे स्टँड अगदी खालच्या खाचेवर ठेवावा, मग उजवीकडे तेवढाच, आणि त्यानंतर गरज असेल तर दोन्हीकडे एकेक खाच वाढवत जावे. एक बाजू उंच आणि दुसरी जमिनीवर असताना गाडी तिरकी असते; दुसरी बाजू उचलताना ती सरळ होऊ लागते आणि त्या हालचालीत आधी लावलेला स्टँड एका कडेवर कलतो. टॉर्च जमिनीलगत आडवी धरून स्टँडचे पाय पाहावेत. एखाद्या पायाखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर तो पाय उचलला गेला आहे. अशा वेळी गाडी पुन्हा उचलून स्टँड नव्याने बसवावा. हातोडीने ठोकून सरळ करू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन्ही दारांमधला तळ बॅटरीने व्यापलेला असतो. तिथे चुकूनही जॅक लागता कामा नये. अशा गाड्यांत जागा मोजक्याच असतात, म्हणून मॅन्युअलमधले चित्र समोर ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबावर गाडीची उंची राखणारी व्यवस्था) असेल तर उचलण्याआधी त्याची जॅकसाठीची सोय चालू करावी, नाहीतर गाडी स्वतःच उंची बदलू पाहते.

वर जाताना जॅक सरळ जात नाही

ट्रॉली जॅकचा हात मागच्या टोकाला बिजागरीवर फिरतो, त्यामुळे त्याचा माथा सरळ रेषेत नव्हे तर कमानीत वर जातो. गाडी उचलली जात असताना जॅकने स्वतःच्या चाकांवर थोडे पुढे सरकणे अपेक्षित आहे, आणि त्याला चाके त्यासाठीच दिलेली असतात. फरशीच्या फटीत, खडीत किंवा चिंधीवर ती अडली, की जॅक सरकण्याऐवजी माथा गाडीला ओढू लागतो किंवा जागेवरून निसटतो. त्यामुळे जॅकच्या चाकांना अडथळा लावावा असे कोणी सांगितले तर ऐकू नये. त्यांच्यासमोरची जमीन आधी झाडून घ्यावी आणि दर चार-पाच दाबांनंतर थांबून माथा जागेवर आहे का ते पाहावे.

कडेखाली जॅक लावावा लागला, तर माथ्यावर खाच असलेला रबरी ठोकळा ठेवावा, म्हणजे कड खाचेत बसते आणि वजन तिच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर जाते. लाकडी ठोकळा कडेच्या दाबाने रेषेत उभा चिरतो; तो क्रॉस मेंबरखाली ठीक, कडेखाली नको. गाडीत कोणी बसलेले नसावे, आणि उंची कामाला लागते तेवढीच घ्यावी.

वजन स्टँडवर उतरवणे

स्टँडची उंची ठरवून, दोन्हीकडच्या खाचा मोजून सारख्या करून, ते बाहेरूनच हात लांबवून जागेवर सरकवावेत. डोके किंवा खांदा गाडीखाली नेऊ नये. स्टँडचा माथा कडेच्या नेमका खाली आला की जॅकची झडप अगदी हळू उघडावी. यात घाई होते ती बहुतेक दांड्याच्या लांबीमुळे: लांब दांड्याला दिलेली छोटीशी पिळ झडपेला पुष्कळ असते. दांडा दोन्ही हातांनी धरून जेमतेम पाव फेऱ्याच्याही आत फिरवावा, गाडी हलू लागली की तिथेच थांबवावे आणि ती बोटभर बोटभर खाली येऊ द्यावी.

स्टँडला कड टेकते तेव्हा बारीक कुरकुर ऐकू येते आणि जॅकच्या दांड्यातला ताण सैल पडतो. त्या क्षणी थांबावे. दोन्ही बाजूंना जाऊन कड माथ्याच्या मधोमध बसली आहे का ते पाहावे. माथ्याच्या एका टोकावर बसलेली कड ‘चालून जाईल’ असे वाटते. ती चालवून घेऊ नये. पुन्हा उचलण्यात आळस करण्यासारखे काही नाही, दहा दाबांचे काम आहे.

सगळे वजन स्टँडवर गेल्यावर जॅक काढून टाकू नये. माथा पुन्हा वर आणून उचलण्याच्या जागेला हलकेच टेकेल एवढाच ठेवावा. गाडी स्टँडवरून उचलली जाता कामा नये. काढलेले चाक आडवे करून दाराखालच्या कडेखाली सरकवावे. सगळे काही फसले, तरी त्या चाकाच्या जाडीएवढी जागा उरते.

यानंतर जे करायचे ते अनेकांना वेडेपणाचे वाटते. बाहेर उभे राहून, पाय गाडीखाली येणार नाहीत अशा बेताने, मडगार्डजवळ दोन्ही तळहात लावून गाडी जोराने ढकलावी. आधी आडवी, मग पुढे-मागे. गाडी शॉकअपवर किंचित डोलेल, ते चालते. स्टँडचे पाय जमिनीवरून हलले किंवा ठोकल्यासारखा आवाज आला, तर बसवणूक चुकली आहे. गाडी पडायचीच असेल, तर ती आपण बाहेर असताना पडलेली बरी. घट्ट बसलेला बोल्ट सोडवताना आपण नंतर गाडीखालून जेवढा जोर लावणार आहोत, तेवढा तरी जोर आताच लावून पाहावा.

चारही चाके उचलायची असतील, तर पुढची बाजू स्टँडवर गेल्यावर मागे जाताना लक्षात घ्यावे की मागच्या चाकांना लावलेल्या उट्या ती चाके उचलली जाताच निरुपयोगी होतात. मागची बाजू थोडी थोडी उचलावी आणि प्रत्येक टप्प्यावर पुढच्या स्टँडचे पाय पाहावेत. फक्त तेल बदलायचे असेल आणि चाके काढायची नसतील, तर माझ्या मते उचलूच नये. गाडी चढवण्याचे तयार रॅम्प वापरावेत.

खाली आणताना हाच क्रम उलटा करावा: गाडीखालची हत्यारे काढावीत, स्टँड मोकळे होतील एवढेच उचलावे, ते बाहेर ओढावेत आणि झडप हळू उघडावी. चाकांचे नट हाताने बसवून, चाके जमिनीला टेकल्यावर एकाआड एक क्रमाने टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावेत आणि साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.