कॅमारो झेड/२८ की बॉस ३०२? घेण्याआधी या चुका टाळा

१९६९ ची शेवरोले कॅमारो झेड/२८ आणि १९७० ची फोर्ड मस्टँग बॉस ३०२ शेजारी उभ्या केल्या, की घेणारा आधी हॉर्सपॉवर विचारतो. त्याने काहीच कळत नाही. दोन्ही कंपन्यांनी २९० च लिहिली होती. दोन्ही इंजिनं ३०२ घन इंचांची, बोअर ४ इंच, स्ट्रोक ३ इंच. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम या मोटार शर्यतीत ३०५ घन इंचांच्या वर जायची मुभा नव्हती आणि या दोघी त्या शर्यतीसाठीच घडवल्या गेल्या.

पैसे बुडतात ते दोघींना एकच परीक्षा लावल्यामुळे. बॉसचा चेसिस नंबर स्वतः बोलतो: पाचवं अक्षर जी असलं पाहिजे. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून मार्टी रिपोर्ट, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली याचा दाखला, मिळतो. तो हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. कॅमारोचा नंबर मात्र गाडी आठ सिलिंडरची आहे, एवढंच सांगतो. साध्या कॅमारोवर पट्टे ओढून झेड/२८ चे बिल्ले लावलेल्या गाड्या म्हणूनच इतक्या फिरतात. नॉरवुड कारखान्याच्या बऱ्याच गाड्यांच्या बॉडीवरच्या माहितीच्या धातूच्या पट्टीवर एक्स३३ किंवा एक्स७७ हा झेड/२८ चा कोड असतो, पण लॉस एंजलिस कारखान्याच्या गाड्यांवर तो नसतोच. तेवढ्यावरून खरी गाडी नाकारू नका. आणि पट्टी नवी करून मिळते, हेही विसरू नका.

त्यापेक्षा टॉर्च घ्या. कॅमारोच्या इंजिनात उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते, तिथे उजेड तिरपा पाडा. कारखान्यात तासलेल्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. रेघा गुळगुळीत झाल्या असतील आणि अक्षरं मात्र ताजी, ठळक असतील, तर नंबर मागाहून ठोकलाय. व्ही०३१४डीझेड म्हणजे फ्लिंटला १४ मार्चला जुळवलेलं झेड/२८ चं इंजिन. बॉडीवरची पट्टी ०२ए, म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा सांगत असेल, तर ते इंजिन त्या गाडीतलं नव्हे.

टॅपेटच्या आवाजाला घाबरून चांगली गाडी सोडणारेही मी पाहिलेत. दोन्ही इंजिनांत सॉलिड लिफ्टर, म्हणजे थोडी फट ठेवून बसवलेले टॅपेट, आहेत, टकटक होणारच. आवाज अजिबात येत नसेल तर आत काय बदललंय ते विचारा. बॉसचे मूळ पिस्टन मात्र खालच्या कडेला तडकतात, ही जुनी खोड आहे. पिस्टन बदलल्याची पावती मालकाने दाखवली तर आनंद माना, मोल कमी करू नका.

गंज बघताना मस्टँगचे पुढचे शॉक टॉवर (शॉकॲब्सॉर्बर धरणारे बॉडीचे उंच भाग) आणि कॅमारोच्या मागच्या काचेचे खालचे कोपरे आधी तपासा. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे.

आता दुर्मिळतेबद्दल. १९६९ च्या झेड/२८ २०,३०२ बनल्या, १९७० च्या बॉस साधारण ७,०००. म्हणून बॉसच घ्यावी असं वाटतं, पण कॅमारोचे बहुतेक भाग आजही नवे मिळतात. बॉसचे हेड, कार्ब्युरेटर शोधताना वर्षं जातात. बॉनेट उघडल्यावर स्मॉग पंप, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारा हवेचा पंप, दिसला नाही तर मालकाला जरूर विचारा. त्या काळी लोकांनी तो सर्रास काढला, आणि कित्येकदा तो गॅरेजच्या फळीवर खोक्यात तसाच पडून असतो.