रोप आणण्याआधी माती बघा. या चुका टाळा

घरामागे लावलेल्या लिंबाची नवी पानं दुसऱ्याच वर्षी पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्यागार. याला आपल्याकडे केवडा म्हणतात. लोह कमी पडतंय असं धरून मी हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) देत राहिले. महिनाभर पानं जरा सुधारायची, मग पुन्हा तेच. शेवटी बुंध्यापासून दोन हातांवर खणलं, तर फूटभर खाली गिलाव्याचे तुकडे, विटांचा चुरा आणि सिमेंटचे गोळे निघाले. बांधकामाचा राडारोडा पसरून त्यावर चांगल्या मातीचा थर टाकलेला होता. चुना-सिमेंटामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी याचं माप) चढतो आणि मातीत असलेलं लोहसुद्धा मुळांना घेता येत नाही. वरून कितीही हिराकस टाकलं तरी तेही तिथेच अडकतं.

म्हणून नव्या घराच्या आवारात पहिलं काम फावड्याचं. दोन-तीन ठिकाणी दीड-दोन फूट खणून बघा. राडारोडा असेल तर तो काढायलाच हवा, त्याला औषध नाही. कडक मुरूम लागला तर खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी रात्रभर तसंच राहिलं, तर पावसाळ्यात त्या खड्ड्याची बादली होणार आणि मुळं कुजणार. अशा जागी गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करा किंवा झाड दुसरीकडे लावा.

दुसरी चूक म्हणजे शेजाऱ्याने टाकलं म्हणून आपणही टाकणं. चुना, चुलीतली राख, अंड्याची टरफलं या वस्तू कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जांभ्या मातीत उपयोगी पडतात. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते, तिथे यांची भर कशाला? घरच्या घरी अंदाज हवा असेल तर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर ओता. जोरात फसफसलं तर चुनखडी आहे, राखेचा डबा बाजूला ठेवा. फसफसलं नाही म्हणजे चुनखडी अजिबात नाही असं मात्र समजू नका.

काळी माती भुसभुशीत करायला लोक वाळू मिसळतात. थोडीथोडकी वाळू अशा चिकणमातीत गेली की ती माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. इथे खरं काम सेंद्रिय खत करतं. 10 बाय 10 फुटांच्या वाफ्याला 20 ते 25 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं. कुजलेलं म्हणजे हातात चुरलं तर मोकळं होणारं, शेणाचा वास न येणारं. कच्चं शेण टाकलं तर तणाचं बी येतं, हुमणीच्या अळ्या येतात आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळं होरपळतात.

ओली माती खणणं ही चूक तर मी दरवर्षी कुणाला ना कुणाला करताना बघते. पहिला पाऊस पडला की उत्साहाने कुदळ हातात घेतली जाते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती खणण्याजोगी सुकेपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून लाडू वळा आणि अंगठ्याने हलकं दाबा. तो सहज फुटला तर वाफसा आहे. नुसता चेपला, बोटाला चिकटला, तर माती अजून ओली आहे. चिकट मातीत कुदळ घातली की अशी ढेकळं पडतात की सगळा हंगाम फोडत बसावं लागतं.

माती तपासायला द्यायची तर एकाच जागची उचलू नका. खत घालण्याआधी, 8-10 ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत द्या. खताच्या रिकाम्या गोणीत मुळीच नको, अहवालच खोटा येतो. खताचा ढीग आणि झाडाची सावली असलेली जागाही टाळा. अहवालात सामू, क्षारता (विरघळलेले क्षार) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) आधी बघा. सामू 6.5 ते 7.5 असेल तर बहुतेक भाज्यांना चालतो. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यापेक्षा कमी असेल तर शेणखताची सोय लावा.

फळझाडांचे खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवा आणि उघडे राहू द्या. अहवाल येईपर्यंत ती माती चांगली तापते.