ऑनलाइन गोल्फमध्ये ग्रीनच्या वेगानुसार पटची ताकद कशी ठरवावी

ऑनलाइन गोल्फमध्ये लांबचे फटके सरावाने लवकर बसतात. फटक्यांची संख्या फुगते ती ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. एका स्पर्धेत वीस फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवत मारलेला फटका) अलगद होलमध्ये पडतो, आणि दुसऱ्या स्पर्धेत तेवढ्याच ताकदीने मारलेला चेंडू होल ओलांडून सहा फूट पुढे जातो. बहुतेक खेळाडू यावर उपाय म्हणून प्रत्येक ग्रीनसाठी ताकदीचे आकडे पाठ करू लागतात. प्रत्यक्षात आकडे पाठ करण्याची गरज नसते. आपल्या खेळात पडद्यावर ताकद दाखवणारा मीटर नेमके काय मोजतो हे एकदा समजून घेतले आणि ग्रीनच्या वेगाचा एक गुणक काढला, की उरतो तो साधा हिशेब.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गोल्फचे मैदान प्रत्यक्ष न पाहिलेले पुष्कळ जण हा खेळ मोबाइलवर खेळतात. परंतु आषाढातल्या दमट हवेने जड झालेल्या कॅरमवर स्ट्रायकर अर्ध्यातच कसा थांबतो आणि पावडर भुरभुरली की तोच कसा सुटतो, हे त्यांना ठाऊक असते. ग्रीनचा वेग म्हणजे हेच: पृष्ठभाग चेंडूला किती कमी अडवतो याचे माप.

हे माप ज्या उपकरणाने घेतात त्याला स्टिम्पमीटर म्हणतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याचे सुधारित रूप १९७८ पासून मैदानांना उपलब्ध करून दिले. ही ३६ इंच लांबीची, मधोमध पन्हळ असलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिच्या खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलतात. सुमारे २० अंशांचा कल झाला की चेंडू आपोआप सुटतो, आणि सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा वेग. चेंडू प्रत्येक वेळी सारख्याच गतीने सुटत असल्यामुळे हा आकडा थेट तुलनेसाठी वापरता येतो: ८ वेगाच्या ग्रीनवर जो धक्का चेंडूला ८ फूट नेतो, तोच धक्का १२ वेगाच्या ग्रीनवर त्याला १२ फूट नेतो. ८ च्या आसपासचे ग्रीन संथ, १० चे मध्यम आणि १२-१३ चे मोठ्या स्पर्धांतले वेगवान, असे ढोबळमानाने समजावे. काही खेळ आकडा न देता नुसते ‘संथ’ किंवा ‘वेगवान’ असे लिहितात. तेथे पुढे सांगितलेल्या मोजणीवर अधिक भिस्त ठेवावी.

पहिली पायरी मीटर ओळखण्याची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. सरावाच्या ग्रीनवर शक्य तितकी सपाट, चढ-उतार शून्य दाखवणारी जागा निवडावी. तेथे एक पट पाव ताकदीने आणि एक अर्ध्या ताकदीने मारावा, आणि चेंडू किती फूट गेला ते पाहावे. अर्ध्या ताकदीचा चेंडू दुप्पट गेला, तर आपला मीटर अंतर मोजतो. तो चौपट गेला, तर मीटर चेंडूची गती मोजतो, कारण गती दुप्पट झाली की घरंगळण्याचे अंतर चौपट होते. हा फरक क्षुल्लक नाही. ८ वेगाच्या ग्रीनवरून १२ वेगाच्या ग्रीनवर आल्यावर अंतर मोजणाऱ्या मीटरवर ताकद एक तृतीयांशाने कमी करावी लागते, तर गती मोजणाऱ्या मीटरवर ती जेमतेम १८ टक्के कमी करणे पुरते. एका खेळातून दुसऱ्या खेळात गेल्यावर ‘हात बिघडला’ असे जे वाटते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दुसऱ्या पायरीत ग्रीनचा गुणक काढावा. समजा, मीटर अंतर मोजणारा आहे, पटरची (पट मारण्याच्या काठीची) पट्टी, म्हणजे पूर्ण ताकदीचे अंतर, ५० फुटांची आहे आणि २५ च्या खुणेवर मारलेला चेंडू सपाटीवर ३० फूट गेला. २५ ला ३० ने भागले की ०.८३ येतात, हा त्या ग्रीनचा गुणक. संथ ग्रीनवर तोच चेंडू २० फुटांवर थांबला, तर गुणक १.२५ होईल. जितके फूट चेंडू न्यायचा आहे त्याला गुणकाने गुणले, की मीटरवरची खूण मिळते. पटरची पट्टी बदलण्याची सोय असेल, तर हिशेबाने येणारी खूण जिच्यात मावेल अशी सर्वांत लहान पट्टी घ्यावी. १०० फुटांच्या पट्टीवर एक टक्क्याची चूक एक फूट पडते, २५ फुटांच्या पट्टीवर ती तीन इंच पडते.

मीटर गती मोजणारा असेल, तर त्या ग्रीनवरचा एक ज्ञात पट आधार म्हणून धरावा. ३० टक्के ताकदीने चेंडू १५ फूट जात असेल आणि तो २५ फूट न्यायचा असेल, तर २५ भागिले १५ याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.२९, काढून त्याने ३० ला गुणावे. उत्तर ३९ टक्के येते. मोबाइलमधला कॅलक्युलेटर हे क्षणात करतो.

खरी कसोटी चढ-उतारात आहे. खेळ बहुधा होल चेंडूपेक्षा किती इंच वर किंवा खाली आहे ते दाखवतो, आणि ‘चढाच्या प्रत्येक इंचाला एक फूट वाढवा’ ही रीत अनेक खेळाडू वापरतात. ही रीत खोटी नाही, पण ती ९-१० वेगाच्या ग्रीनपुरतीच खरी आहे. घरंगळणाऱ्या चेंडूचे गणित मांडले, तर एका इंचामागे धरायचे फूट ग्रीनच्या वेगाबरोबर वाढत जातात: ८ वेगाला सुमारे ०.८५ फूट, १० ला थोडे एका फुटावर, १२ ला १.३ आणि १३ ला १.४. कारण सरळ आहे. वेगवान ग्रीनवर गवताचा अडथळा कमी असतो, त्यामुळे चेंडू किती जाणार हे ठरवण्यात उताराचा वाटा मोठा होतो. जे खेळाडू वेगवान ग्रीनवर ताकद कमी करतात पण चढाचा हिशेब जुनाच ठेवतात, त्यांचा चढावरचा पट नेहमी आखूड पडतो.

यानंतर होलच्या पुढची भर घालावी. चेंडू नेमका होलच्या काठावर संपेल एवढीच ताकद दिली, तर किंचित चूकही त्याला अलीकडे थांबवते. अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी चेंडू चुकल्यास होलपुढे १७ इंच जाईल अशी गती योग्य मानली आहे; खेळात एक ते दीड फूट धरावे. तीव्र उतारावर मात्र ही भर निम्मी करावी. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो आणि फार वेगाने आलेला चेंडू त्याच्या काठाला लागून निसटतो.

आता सगळे एकत्र करू. ग्रीनचा वेग १२, गुणक ०.८३, होल २० फुटांवर आणि ३ इंच वर. चढाचे सुमारे ४ फूट आणि होलपुढचा १ फूट मिळवून २५ झाले, ०.८३ ने गुणले की २१ ची खूण येते. हेच होल ३ इंच खाली असते, तर २० आणि १ मधून ४ वजा होऊन १७ उरले असते, आणि खूण १४ वर आली असती.

उतारावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १२ वेगाच्या ग्रीनवर २० फुटांत ८ इंच उतार असेल, तर वजाबाकी १० फुटांची होते आणि सपाटीवर एक फुटाची ठरणारी चूक तेथे दोन फुटांची होते. त्याच अंतरात उतार १५-१६ इंचांवर गेला, तर वजाबाकी अंतराइतकी होते. अशा ठिकाणी चेंडू स्वतःहून थांबतच नाही. तेथे होल साधण्याचा हट्ट सोडून मुळात ग्रीनवरचा आधीचा फटकाच होलच्या खालच्या बाजूला ठेवावा, हे उत्तम.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी नेटवर्कचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. काही खेळांत मीटरची सुई नेटवर्क मंदावले की अडखळते, आणि कोकणातल्या कौलारू घरात, भर पावसात, माजघरात एक काडी आणि पडवीच्या टोकाला तीन काड्या ही नेहमीची स्थिती असते. गुणक पडवीत बसून काढला आणि स्पर्धा माजघरातून खेळली, तर गुणक बरोबर असूनही सुई उशिरा थांबेल आणि प्रत्येक पट थोडा लांब जाईल. मोजणी आणि स्पर्धा एकाच जागेवरून करावी. सुई धक्के खात असेल तर मोजणी रद्द समजावी.

नोंदीसाठी छोटी वही पुरते: ग्रीनचा वेग, गुणक, एका इंचाचे फूट आणि चेंडू होलच्या किती पुढे किंवा अलीकडे थांबला, एवढे चार रकाने. ग्रीनचा वेग बदलला की सपाटीवर दोनदा पट मारून गुणक पुन्हा काढावा. वेगवान ग्रीनवर चेंडूचे बाजूला वळणेही जवळजवळ वेगाच्या प्रमाणातच वाढते, म्हणून ताकद कमी करताना नेमही होलपासून अधिक दूर धरावा लागतो. चेंडू बाजूने चुकून गेला असेल आणि तरीही होलपुढे फूटभरच थांबला असेल, तर ताकदीच्या रकान्यात तो पट बरोबर म्हणूनच लिहावा.