बी ऑर्किड शोधायला निघालात? या चुका टाळा

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो. "अरे, ते बी ऑर्किड, मधमाशीसारखं दिसणारं फूल, कुठे आहे? रविवारी येतोय, अर्ध्या तासात दाखव." दक्षिण इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर या अर्ध्या तासाचा मला मनस्वी राग यायला लागलाय.

आपल्याकडून आलेला पाहुणा हमखास झाडाकडे बघतो. ऑर्किड म्हणजे आंब्याच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी, हे डोक्यात पक्कं. इथली रानटी ऑर्किडं सगळी जमिनीतून उगवतात. कासच्या पठारावरची हबेनारिया ऑर्किडं पाहिली असतील, तर मान खाली घालायची सवय असेल.

दुसरं, घनदाट रानात शिरू नका. बी ऑर्किडला उघडी, चुनखडीची, आखूड गवताची जमीन लागते. नॉर्थ डाउन्स या इथल्या टेकड्यांचे खडूचे उतार उत्तमच, पण जुन्या खाणी, रेल्वेचे बांध, रस्त्याकडेचं गवत, कारखान्यामागची पडीक जागा इथेही ती खुशाल उगवते. सुंदर फुलाची जागाही सुंदरच असेल, असा हट्ट नको.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. पहिल्या वर्षी एका उतारावर तीन तास कॅमेरा लावून बसलो, फुलावर मधमाशी येईल म्हणून. उन्हात डोकं तापलं, पाणी संपलं, माशी नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. भूमध्य समुद्राच्या बाजूला लांब मिशांच्या मधमाश्यांचे नर या फुलाला मादी समजून झोंबतात आणि पराग नेतात. ब्रिटनमध्ये मात्र हे फूल जवळपास सगळं काम स्वतःच उरकतं. परागपिंडांचे, म्हणजे परागाच्या गोळ्यांचे, नाजूक देठ पुढे वाकतात, पिंड लोंबायला लागतात आणि वाऱ्याने हलून त्याच फुलाच्या कुक्षीला, म्हणजे पराग घेणाऱ्या भागाला, चिकटतात. डार्विनने १८६२ सालीच हे लिहून ठेवलं होतं. एवढा थाट करून फूल स्वतःवरच का भागवतं, हे कोडं त्यालाही पडलं होतं. मी आधी वाचायला हवं होतं, एवढंच.

त्याच दिवशी दुसरा घोळ. उठलो आणि पाहिलं, ज्या एका फुलासाठी पालथा पडलो होतो त्याच्या शेजारची दोन कळीदार रोपं माझ्या कोपराखाली चिरडली होती. फुलोरा यायच्या सुमारास तळाची पानं करपायला लागतात, गवतात रोप चटकन दिसत नाही. बी रुजण्यापासून फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात आणि ती माझ्या कोपराने संपवली. तेव्हापासून गुडघा टेकण्याआधी मी हाताने गवत चाचपतो. कोणी थट्टा केली तरी करू द्या.

ओळखण्यात घाई नको. एप्रिल-मेमध्ये हिरवट पाकळ्यांचं फूल दिसलं तर ते अर्ली स्पायडर ऑर्किड. केंट परगण्यात असाल तर ओठाचं, म्हणजे मधमाशीसारख्या दिसणाऱ्या खालच्या पाकळीचं, टोक बघा: बी ऑर्किडचं मागे, खाली दुमडलेलं, तिथे सापडणाऱ्या लेट स्पायडर ऑर्किडचं पुढे आलेलं.

उपटून कुंडीत लावू नका. इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप उपटणं हा गुन्हा आहे. शिवाय मातीतल्या बुरशीशी तिचं नातं असतं, ते कुंडीत जुळवायला तुम्ही कोण लागून गेलात?

मागच्या वर्षीच्याच जागी मिळेल, ही खात्रीही धरू नका. कधी डझनभर, कधी एकही नाही, नाहीतर गवत कापणारं यंत्र आपल्याआधी येऊन गेलेलं.

म्हणून मी फेब्रुवारीत चक्कर मारतो. पानांचे चपटे गुच्छ शरद ऋतूतच वर आलेले असतात, हिवाळ्यातल्या आखूड गवतात ते सहज सापडतात. कुंपणापासून पावलं मोजून वहीत लिहितो, जूनमध्ये वही घेऊन जातो. ज्यांना पत्ता हवा असतो त्यांना मी हेच सांगतो, फेब्रुवारीत माझ्याबरोबर चला. आजवर एकच जण आला आणि तोही वाऱ्याला कंटाळून गाडीत जाऊन बसला.