रुईची फळंही मोजा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ व्हायची. देठ मोडला की पांढरा चीक टपकायचा आणि आजी ओरडायची, "हात धू आधी, डोळ्याला लावशील!" एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात प्रकल्प निवडायची वेळ आली, तेव्हा मी तीच रुई घेतली. बडोद्यात तिला आकडो म्हणतात. विश्वामित्रीच्या काठाने हवी तेवढी सापडते.

या चिकातली कार्डिनोलाइडं नावाची विषारी रसायनं प्राण्यांच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे हे क्षार पेशीच्या आत-बाहेर करणारं प्रथिन, अडवतात. तरी प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईवरच वाढते. भिंग घेऊन एकदा बघाच. मोठी झालेली अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते. तिथून चीक वाहून जातो, पान लोंबतं, मग ती टोकाकडे सरकून निवांत खाते. त्यातलं थोडं विष अंगात साठवते, पक्ष्यांपासून बचावासाठी. मला आजही हे तासभर बघत बसावंसं वाटतं.

पहिला पावसाळा मी अळ्यांनी खाल्लेली पानं मोजण्यातच घालवला. वही भरली. मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "फळं किती धरली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पूर्ण हंगाम पुन्हा करावा लागला.

किडीशी झगडताना झाडाचं जे खर्ची पडतं, ते कधीकधी फुलाफळांत दिसतं. बचावाचं रसायन फुलातही पोचतं. अमेरिकेतल्या रानतंबाखूवर 2008 साली प्रसिद्ध झालेलं काम जरूर वाचा. तंबाखूचं निकोटिन मुळांत तयार होतं, पण मधुरसातही उतरतं. त्यामुळे मधुरस प्यायला येणारे पाहुणे एका फुलावर थोडंच पितात आणि पुढच्या फुलाकडे जातात. त्याच फुलात ओढून घेणारा सुगंधही असतो. दोन्ही असलेल्या झाडांचं बीजोत्पादन सर्वांत चांगलं झालं. म्हणजे विष आणि वास मिळून परागण साधतात! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

रुईचे परागकण सुटे नसतात; जोडीजोडीच्या पुड्यांत बांधलेले असतात. मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायाला ती जोडी अडकते. म्हणून दुसऱ्या हंगामात मी फुलांच्या गुच्छांना रंगीत दोरे बांधले आणि तेच गुच्छ दर आठवड्याला पाहिले: कळ्या किती, उमलली किती, फळं किती. शेजारी बसून भुंगे किती वेळा आले तेही टिपलं. दोरा सुती घ्या आणि क्रमांक पेन्सिलीने लिहा, शाई पावसात जाते. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पान तोडू नका.

चिकाचं पृथक्करण एचपीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) करायचं असेल, तर यंत्राची तारीख आधी पक्की करा, नमुने नंतर गोळा करा. संख्याशास्त्र पहिल्याच सत्रात शिकून घ्या. किती झाडं घ्यायची ते तिथेच ठरतं.

आणि पहिला पाऊस पडून गेला की रुईची कोवळी पानं उलटून बघा. फुलपाखराचं अंडं एकेकटं असतं, मोहरीपेक्षा लहान, पांढुरकं. ज्या पानावर सापडेल, त्याच्या देठाला त्याच दिवशी दोरा बांधा.