उंच जागा कशी ओळखावी? समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाण्यापासूनची उंची

पूर, चक्रीवादळ किंवा त्सुनामीचा इशारा आला की पहिली सूचना असते, ‘उंच जागी जा.’ कशापेक्षा उंच, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर वसलेलं नदीकाठचं गावही पुरात बुडतं, कारण तिथे नदीच ५५५ मीटरवरून वाहत असते. म्हणून नकाशावरचा आकडा आणि आपल्याकडे येणारं पाणी यांचा मेळ स्वतः घालायला शिकायला हवं. कोरड्या, निवांत दिवशीच ते शिकून घ्या.

पायरी १ : शून्य कुठे आहे ते समजून घ्या

समुद्र एका जागी थांबत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. मग सपाटी कोणती धरायची? त्यासाठी भरतीमापकावरच्या नोंदी वर्षानुवर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात. साधारण १९ वर्षांचा काळ धरतात, कारण भरती-ओहोटीवर परिणाम करणारं चंद्राच्या कक्षेचं एक चक्र १८.६ वर्षांचं असतं.

ही सरासरीही सगळीकडे एकच नसते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला पूल बांधताना हे चांगलंच जाणवलं. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून मोजलेली, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना ठाऊक होतं, पण तो हिशेबात उलट्या चिन्हाने धरला गेला. २००३ साली लक्षात आलं, की दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरची तफावत पडली आहे! तेव्हा एका नकाशातली उंची दुसऱ्या नकाशातल्या उंचीतून डोळे झाकून वजा करू नका.

पायरी २ : आपल्या जागेची उंची काढा

सगळ्यात भरवशाचा स्थलदर्शक नकाशा. त्यावरच्या समोच्च रेषा समान उंचीच्या जागा जोडतात. रेषा दाटीवाटीने असतील तिथे चढ तीव्र, लांब लांब असतील तिथे जमीन सपाट. रेषा इंग्रजी व्हीसारखी वळून टोक चढाच्या दिशेला गेलं असेल, तर तिथे ओढा किंवा घळ आहे. पाणी तिथूनच येणार.

मोबाइलवरचा आकडा जपून वापरा. जीपीएस नकाशावरची जागा बऱ्यापैकी सांगतं, उंचीत जास्त चुकतं. शिवाय उपग्रह पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून उंची मोजतात, आणि खरी समुद्रसपाटी त्याच्याशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती या आकाराच्या सुमारे १०० मीटर खाली आहे. एखाद्या अ‍ॅपने ही दुरुस्ती केली नसेल, तर किनाऱ्यावर उभं असतानाही उणे आकडा दिसू शकतो. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक छोटे फरक छान दाखवतो (सखल भागात हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने, म्हणजे दाबाच्या एका एककाने, बदलला की साधारण ८ मीटरचा फरक), पण हवामान पालटलं की त्याचा आकडाही हलतो.

पायरी ३ : कोणतं पाणी येणार ते ठरवा

किनाऱ्यावर चक्रीवादळाची लाट, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेला पाण्याचा फुगवटा, भरतीवर स्वार होऊन येते. लाट ४ मीटरची आणि उधाणाची भरती सरासरी सपाटीच्या २ मीटर वर असेल, तर पाणी सरासरी सपाटीच्या ६ मीटर वर चढतं, आणि उसळत्या लाटा त्याच्याही वर. नदीकाठी समुद्र विसरा. पुलाच्या खांबावरची पूररेषा किंवा जुन्या भिंतीवरची पुराची खूण शोधा. तुमचं शून्य तेच.

पायरी ४ : बाटलीने चढ मोजा

पारदर्शक, सरळ बाजूंची बाटली पाण्याने अर्धी भरून आडवी धरा. पाण्याचा पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची कड एका रेषेत आली, की ती नजर बरोबर आडवी असते. आता पुराच्या खुणेशी उभे राहून समोरच्या चढावर ही नजर कुठे टेकते ते पाहा: एखादा दगड, झाडाचा बुंधा. तिथे जाऊन पावलं ठेवा आणि पुन्हा तेच करा. डोळ्यांची उंची दीड मीटर असेल, तर प्रत्येक टप्पा दीड मीटरचा. २० टप्पे म्हणजे ३० मीटर. अंदाज म्हणून हे पुरेसं आहे, आणि ३० मीटरचा चढ पायांना किती लागतो हेही कळतं.

पायरी ५ : जागा निवडा आणि वाट चालून पाहा

त्सुनामीसाठी बऱ्याच ठिकाणी ३० मीटर उंची किंवा किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटर आत, असा सल्ला देतात. पण अरुंद दरीत शिरलेलं पाणी फार वर चढतं. जपानमधल्या आनेयोशी गावात १९३३च्या त्सुनामीनंतर एक दगड उभारला. त्याच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर कोरलं आहे. २०११ साली त्या परिसरात पाणी जवळपास ४० मीटरपर्यंत चढलं, तरी दगडाच्या खालीच थांबलं. वरची घरं वाचली. असा दगड आपल्याही गावात असावा, असं मला मनापासून वाटतं.

चहूबाजूंनी पाण्याने वेढला जाईल असा एकटा उंचवटा टाळा. वाट मध्येच खोलगट होत असेल, तर ती आधी बुडेल, दुसरी शोधा. भुसभुशीत कड्याखाली थांबू नका. टेकडीच नसेल, तर भक्कम काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वरचा.

घरात सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत घेऊन एकदा ती वाट चाला, वेळ मोजा. एकदा अंधारातही जा. किनाऱ्यावर भूकंपाचा जोरदार किंवा लांबलेला हादरा बसला, तर भोंग्याची वाट न पाहता निघा. वर पोचल्यावर प्रशासन परतायला सांगेपर्यंत खाली उतरू नका. त्सुनामीची पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, पुढच्या लाटा काही तास येत राहू शकतात.