सॅक पाठीवर असताना पिस्तूल कुठे ठेवावं?

अमेरिकेतल्या जंगलात मी सॅक घेऊन एकटीच हिंडते आणि सोबत पिस्तूल ठेवते. ते कुणाच्या नजरेस पडू नये, याबद्दल मी फार काटेकोर आहे. अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्याला उगाच धास्ती कशाला? आणि आपल्याकडे काय आहे हे त्याला कळायचंही कारण नाही.

आधी कायदा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. मित्राची बंदूक चालेल, असं समजू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. लपवून बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात: पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट तीन राज्यांतून जाते, त्यातली कॅलिफोर्निया आणि ऑरेगन दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत बंदूक नेता येत नाही.

आता खरी अडचण. एरवी पिस्तूल कमरेला लावतात, आणि सॅकचा कंबरपट्टा नेमका तिथेच बसतो. तासाभरात होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हाडात रुतायला लागतं, शिवाय मूठ पट्ट्याखाली दबते. म्हणून बरेच जण पिस्तूल सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकतात. हे मला अजिबात मान्य नाही. पाणी भरायला ओढ्यावर उतरलात की सॅक वर झाडाखाली आणि भरलेलं पिस्तूल बेवारस!

त्यापेक्षा पिस्तूल एका वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा आणि तो छातीवर किंवा कंबरपट्ट्याच्या वर पोटावर घ्या. बघणाऱ्याला तो कॅमेऱ्याचा वाटतो. त्याचे पट्टे सॅकला अडकवू नका. आधी पाऊच अंगावर बांधा, मग त्यावरून सॅक चढवा. सॅक उतरवली तरी पिस्तूल अंगावरच राहतं. शौचाला बसतानाही ते सोडून ठेवावं लागत नाही.

पाऊचच्या आत ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर पक्कं बसवलेलं हवं. त्या कप्प्यात दुसरं काहीही नको. किल्ली नको, लिप बामही नको. अशी एखादी वस्तू ट्रिगरमध्ये घुसली तर गोळी सुटू शकते.

निघण्यापूर्वी घरी सराव करा. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीमागची गोळी बसण्याची जागा) रिकामं आहे ना हे डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पूर्ण भरलेली सॅक चढवा आणि वर रेनजॅकेट घाला. खरी परीक्षा जॅकेटचीच असते. पाऊच जॅकेटच्या आत असेल तर चेन खालूनही उघडणारं जॅकेट घ्या, नाहीतर हात पोचतच नाही. पाऊच एका हातानं उघडता आला पाहिजे.

घामानं गंज धरतो, म्हणून रोज संध्याकाळी तंबूत पिस्तूल रिकामं करून कोरड्या फडक्यानं पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. झोपताना ते होल्स्टरसकट रोज एकाच ठरलेल्या जागी ठेवा. स्लीपिंग बॅगमध्ये नको.

अस्वलासाठी मात्र माझा भरवसा अस्वलाला पळवून लावणाऱ्या तिखट स्प्रेवर आहे, आणि तो उघड्यावर, हाताशी लावते. अलास्कातल्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बंदूक वापरणारे आणि जवळ असून न वापरणारे, यांच्या दुखापतींच्या प्रमाणात त्यात ठळक फरक आढळला नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र स्प्रेला बंदी आहे, तिथे तो नेऊ नका.

रेंजरनं थांबवलं तर दोन्ही हात दिसतील असे ठेवा. परवाना आहे आणि पिस्तूल पाऊचमध्ये आहे, हे शांतपणे सांगा. काही राज्यांत न विचारताही सांगावं लागतं. परवाना वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे तो काढताना पाऊचकडे हात न्यावा लागणार नाही.